रानमाडांच्या बेटातली हाक

एकोणीस ऑगस्ट. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. तुतोह नदीच्या काठावर पिसितने आपल्या बापाला नावाने हाक मारली.

नावेत तिघं होते. तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. सांगणं एकच आलं. यात पदरचं काही नाही.

पिसितचा बाप दोन वर्षांपूर्वी याच रानात शिकारीला गेला. परतला नाही. प्रेतही मिळालं नाही.

पिसित रानात राहणाऱ्या पेनान जमातीचा. पेनान लोक मेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत. उच्चारलं तर तो येतो म्हणतात. बाप गेला की मुलगाही स्वतःचं नाव टाकतो. लोक त्याला ‘उयाउ’, म्हणजे बाप मेलेला, म्हणू लागतात.

पिसितने ते नाव घेतलं नव्हतं.

"किती दिवस अडून बसणार रे?" इंजिनावर बसलेला मामा जुइंग म्हणाला. "तुझ्या आईला धड रडताही येत नाही. सगळा राग माझ्यावर काढते बया."

"मढं दाखव, मामा. आत्ता घेतो नाव."

रानमाड बघायला शहरातून आलेल्या लिमबाईंना त्यांची भाषा कळत नव्हती. त्या वहीत झाडं टिपत होत्या.

वळणावर काठाला माडांचं बेट आलं. त्यांनी नाव लावली. खोडातल्या पिठासाठी बापाने राखलेलं. एका खोडावर त्याच्या खुणेचे, कोयत्याचे तीन घाव होते.

घाव ओले होते...

खाली चिखलात काठी रोवलेली. तिच्या चिरेत दुमडलेलं पान. मागून येणाऱ्यासाठी पेनानांच्या खुणांतला निरोप... उपाशी आहे, पुढे गेलोय.

चिखलात पाऊल एकही नव्हतं.

"जिवंत आहे तो!"

"मग चालला कशाने?" जुइंगचा आवाज चिरकला. "हाक मारू नकोस. मेलेला असला तर..."

"आणि जिवंत असला तर? उपाशी टाकून जाऊ?"

पिसितने हाक मारली.

किड्यांची किरकिर एकदम तुटली.

मग माडांच्या आतून... बापाचा आवाज.

"उयाउ..."

लिमबाईंनी ऐकलं तसं लिहून ठेवलं. शेजारी वेळ, दोन बारा.

पिसित आत धावला. जुइंगने त्याला कमरेला धरून ओढत नावेत आणलं.

त्यानंतर पिसित दोनदा एकटा तिथे जाऊन आला. कुणी भेटलं नाही.

परवा आईने जेवायला बोलावताना त्याला पहिल्यांदाच ‘उयाउ’ म्हटलं.

त्याने ओ दिली नाही. पान वाढून तसंच आहे.