बाराशेचं माप

जिन्याच्या वळणावर समोरून एक खुर्ची चालत आली. चार पाय लाकडाचे, खाली दोन माणसाचे. जिना चढणारी ती मुलगी दचकून भिंतीला चिकटली.

"घाबरू नका हो," खुर्ची म्हणाली, "फोटो काढायला नेतोय हिला."

त्या दोघांची ओळख अशी झाली. फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट ती सांभाळायची, फोटो तो काढायचा. ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. वेबसाइटवरचा फोटो बाराशे पिक्सेलहून रुंद असला की तिला खपत नसे. आणि हा पठ्ठ्या दर मंगळवारी सहा-सहा हजार पिक्सेलचे फोटो पाठवायचा. मापाला आणता आणता ती मेटाकुटीला यायची. जे राहून जात, त्यांच्या वजनाने पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पसार.

"किती वेळा सांगू तुम्हाला?"

"फोनवर डोक्यात शिरत नाही... येऊ का शिकायला?"

यायचा. स्टूल ओढून शेजारी बसायचा, आणि पडद्याकडे बघायचं सोडून... जाऊ दे. पुढच्या मंगळवारी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. असं अकरा वेळा झालं. मंगळवारची वाट ती सोमवारपासूनच बघायची, पण हे ती देवापुढेसुद्धा बोलली नव्हती.

एके दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "नऊ सेकंद लागतात पान उघडायला. त्याला कळव, काम थांबलं म्हणून. दुसरा फोटोवाला बघितलाय मी."

जड हाताने तिने निरोप लिहिला, पाठवला. मग, नुसतं बघावं म्हणून, त्याची स्वतःची वेबसाइट उघडली.

डोळ्याचं पातं लवायच्या आत पान समोर.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. एकेक फोटो तपासला. फोनसाठी वेगळा, मोठ्या पडद्यासाठी वेगळा, एक पिक्सेल फालतू नाही. ती सुन्न झाली. ज्याला अकरा वेळा मुळाक्षरं गिरवायला लावली, तो पंडित निघाला.

तिने फोन लावला. "तुम्हाला सगळं येतं."

"...येतं."

"मग?"

"येतं म्हणालो असतो, तर तुम्ही येऊ दिलं असतं?"

रागवावं, तर राग येईना.

"अहो, तुमचं काम गेलं त्यापायी. आणि तो निरोप मी... माझ्या हाताने..."

"वाचला. बरंच झालं. आता यायला खोटं कारण उरलं नाही. खरं सांगून येऊ?"

कानशिलं तापली, तरी आवाज तिने हलू दिला नाही. "आधी दुकानाचे सगळे फोटो मापात करून द्या. मालकीणबाईंना खरं काय ते सांगा. मग बघू."

संध्याकाळपर्यंत एकशे बारा फोटो आले, सगळे नेमके बाराशेचे. त्यांच्यामागून एकच आला सहा हजारांचा: जिन्याच्या वळणावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. खाली एक ओळ — 'हा लहान करवत नाही.'

तिचं बोट सवयीने मापाकडे गेलं... आणि थांबलं.

'नका करू,' तिने लिहिलं. 'मंगळवारी या. स्टूल काढून टाकते, खुर्ची ठेवते.'