खंडेनवमीची चावी

मी विज्ञानाचा मास्तर आहे. त्यामुळे माझा चोरांवर पूर्ण विश्वास आहे, भुतांवर नाही. हिंगोलीत आमच्या गल्लीतली एक गाडी सकाळी चार विटांवर उभी सापडली, तसे मी माझ्या चाकांना लॉकवाले नट बसवून घेतले. ते उघडायला एकच खास चावी. खंडेनवमीला जॅक-पान्ह्यासोबत तिचीही पूजा केली. जॅक-पान्हा डिकीत परत गेला, चावी देव्हाऱ्यातच राहिली.

हे मला वारंगा फाट्यावर, भर दुपारी, मागच्या चाकातली हवा गेल्यावर आठवलं. स्टेपनी होती, पण चाक निघेल तर ना!

नांदेडला मेहुणी पूजाचा साखरपुडा होता आणि नवरदेवाची अंगठी आमच्याकडे. "पूजाचं लग्न मोडलं तर आता तुमच्या चोरांनाच बोलवा समजूत घालायला," बायको म्हणाली. पंक्चर तात्पुरतं बुजवणारा फेसाचा डबा मी ऐटीत काढला. फेस टायरमध्ये कमी गेला, माझ्या झब्ब्यावर जास्त.

शेजारच्या तीन पत्र्यांच्या खोपटातून पंक्चरवाला जळबा उठून आला. त्याने चाकाकडे बघितलंही नाही.

"खिळा आतल्या अंगाला हाय. चाक काढावं लागतंय. चावी घरीच ऱ्हायली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"थांबा, घेऊन येतो."

तो खोपटात गेला. तिथे मागे दार नव्हतं, आडोसा नव्हता, तरी क्षणभर तो मला दिसेना. मग आला. हातात चावी होती आणि तिच्या खाचांत कुंकू.

 नट मुकाट सुटले.

त्याने भोकात चिकट दोरी कोंबली, चाक चढवलं. "हे तात्पुरतं हाय. नांदेडात पक्कं करून घ्या. चावी मी ठिवून येतो."

"कुठे?"

"जिथून आणली तिथं."

अंगठी वेळेवर पोचली. एकच चावी चार गाड्यांना लागत असेल, असं मी वाटभर स्वतःला शिकवलं. कुंकवाचं मात्र काही जमेना.

संध्याकाळी घरी आल्या आल्या देव्हारा गाठला. चावी जागेवर होती.

उचलली, तर बोटं काळी झाली. ग्रीस ओलं होतं.

"आई, हिला कोणी हात लावला?"

"दुपारी एकजण चावी मागून राहिला व्हता," वाती वळता वळता आई म्हणाली. "तू अडकलास म्हणला. दिली. लगेच परत केली बिचाऱ्यानं."

"ओळख ना पाळख, दार उघडलंस?"

"दार काहून उघडू? हात देव्हाऱ्यातूनच भाईर आला की."