पाळ नसलेलं पाणी

अध्यक्षसाहेब, वाचनालयातलं चित्र तुम्ही भिंतीला ओल आली म्हणून उतरवलं नाही. तुम्ही खोटं बोललात.

समुद्राकाठच्या किल्ल्याचं जुनं चित्र ते. काळ्या रेषा छापलेल्या, रंग मात्र कोणीतरी हाताने भरलेले. त्याच्याखालीच बसून मी परीक्षेचा अभ्यास करायची. एका दुपारी माझ्या खुर्चीमागे कोणी पुटपुटलं—

"एवढ्या पाण्याले पाळ कुठं हाय?"

"तलाव नाही तो. समुद्र आहे," मी न वळताच म्हटलं.

"तुम्ही पाहिला?"

"...नाही."

"मंग इतक्या ठसक्यात कायले सांगता?"

आता वळले. बोदलकसा गावचा इंद्रकुमार, धान पिकवणाऱ्याचा पोरगा. तलावाकाठी वाढलेला, पाणी दिसलं की आधी पाळ, म्हणजे काठाचा बांध, शोधणारा.

दुसऱ्या दिवशी त्याने किल्ल्याच्या बुरुजाचा गुलाबी रंग लाटेत सांडलेला दाखवला.

"रंगवणारा चुकला," मी म्हटलं.

"चुकला नाही. समोर कोणी बसली असन... तुमच्यासारखी."

पंख्याखाली बसूनही माझे कान तापले.

एवढंच, साहेब! रोज त्या चित्रासमोर थोडं थांबणं, थोडं हसणं. त्यावर तुम्ही चित्र उतरवलं आणि माझ्या बाबांना फोन केला— "पोरगी हाताबाहेर चालली." बाबांनी माझं वाचनालय बंद केलं. कुडवा गावातल्या आमच्या घरात पुस्तक उघडायची, अन् अक्षर एक दिसायचं नाही.

मग भर दुपारी इंद्रकुमारच आमच्या दारात उभा.

"काका, आचल मले आवडते. तिले विचारलं नाही... पण नाही म्हणणार नाही, असं वाटून राहिलं."

"हाव, नाही म्हणत!" मी आतूनच ओरडले.

बाबा खवळले. "एकटाच आला? सोयरीक मागायले मोठं माणूस लागते का नाही? जा, बापाले घेऊन ये!"

तो घाबरून गाडीकडे पळाला. बाबांनी नकार दिलाच नाही, हे त्याला फाटकाशी उमगलं. वळून असा हसला... मी पदरासारखी ओढणी तोंडात धरली.

आमचं जमलं. पण म्हणून काही तुम्हाला माफी मिळत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी रीता कोणाशी बोललीसुद्धा नव्हती, नुसती चित्र बघायची. तिच्याही घरी तुम्ही फोन केला. तिचा बाप माझ्या बाबांसारखा नाही. परीक्षा बुडली, पोरगी घरात कोंडली.

आमच्या बापांना फोन करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? गप्प बसू नका, साहेब. रीताच्या दारात या, अन् तिच्यासमोर उत्तर द्या!