पिवळ्या प्रतीवरच्या रेघा

कार्ला आमडाल दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात मुलावरच्या आरोपाचं पत्र होतं आणि दुसऱ्या हातात ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं झाकलेलं भांडं. लॉइड स्कोगने मनातल्या मनात तिची नोंद केली : रिकाम्या हाताने कुणाचा उंबरा न ओलांडणारी बाई. अशा माणसांना नाही म्हणणं कठीण. भांडं परत करायला तरी जावंच लागतं.

व्हर्नाने आधी पत्र घेतलं. व्हर्ना ही लॉइडच्या दिवंगत भावाची बायको. बावीस वर्षं तिने विमा कंपन्यांसाठी खोटी दुखणी हुडकली, आता खाजगी तपास करते. बर्फात गाडी चालवायला ती घाबरते, म्हणून गाडीवर लॉइड. तो तीस वर्षं मिनेसोटातली घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. व्हर्ना म्हणायची, लॉइड अजूनही प्रत्येक माणसाकडे तुंबलेल्या धुराड्याकडे बघावं तसा बघतो.

"उद्या सकाळी दहाला कॉलेजचं शिस्तमंडळ बसतंय," कार्ला म्हणाली. "सोरेनने रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कॉपी केली म्हणे. एकदा हा शिक्का बसला की कुठलंही मेडिकल कॉलेज त्याला दारात उभं करणार नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय हे."

"तो काय म्हणतो?"

"काहीच नाही. तेच तर मला खातंय."

मग तिने आपल्या गावाची, एल्म फोर्कची गोष्ट सांगितली. चाळीस मैलांत एकच डॉक्टर, ऑस्बी. सोरेन त्यांच्यासारखा डॉक्टर होणार हे तो दहा वर्षांचा असताना ठरलं. कॉलेजची चार वर्षं, मेडिकलची चार, वर तीन वर्षं रुग्णालयात : एकूण अकरा. तेवढी वर्षं मी दम धरतो, असं यंदा सोरेन कॉलेजला निघाला तेव्हा निरोपाच्या जेवणात डॉक्टरांनी सगळ्या गावासमोर सांगितलं होतं आणि स्वतःचा स्टेथस्कोप पोराच्या गळ्यात घातला होता.

"डॉक्टरांचं वय?" व्हर्नाने विचारलं.

"शहात्तर."

"म्हणजे सत्त्याऐंशी," लॉइड म्हणाला. टेबलाखालून त्याच्या नडगीवर व्हर्नाचा बूट बसला.

कॉलेजची प्रयोगशाळा ग्रेटा नोव्हाक सांभाळायची. ती स्वतः संशोधन करणारी विद्यार्थिनी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं मोजकं. तिने टेबलावर वस्तू मांडल्या.

"परीक्षा शुक्रवारी, एक ते चार. चोवीस मुलं, प्रत्येकाला वेगळं टेबल. नेहमीच्या जोड्या मोडून मी दोघांना खोलीच्या दोन टोकांना बसवते. टोपीतून बाटली उचलायची, आत कुठला क्षार आहे ते ओळखायचं. प्रत्येकाला नवी कोरी वही. तिचं प्लास्टिक माझ्यासमोर फाडायचं, आधी लिहून आणायला नको म्हणून. वर पांढरं पान, खाली पिवळं. पांढऱ्यावर लिहिलं की पिवळ्यावर आपोआप उमटतं. शेवटी पिवळी प्रत फाडून माझ्या ट्रेमध्ये, वहीही माझ्याकडे."

"आणि चिठ्ठी?"

"पिवळ्या प्रतींच्या गठ्ठ्यात सापडली. कच्च्या कामासाठी मी दिलेल्या कागदावरच लिहिलेली." ठळक, सुट्या अक्षरांत एकच ओळ होती : आमडालच्या कोटाचा खिसा बघा. "प्रयोगशाळेत घालायचे कोट सगळ्यांनी परीक्षा संपल्यावर बाहेरच्या खुंट्यांवर टाकले होते. खिशात हे निघालं." बोटभर कागदावर ज्योतीचे रंग आणि ते रंग देणारे धातू लिहिलेले होते.

"म्हणजे खिशात ते कुणीही टाकू शकलं असतं," लॉइड म्हणाला.

"शकलं असतं. पण सोरेनला मी विचारलं, हे तुझं का? तो म्हणाला, खिसा माझा आहे ना. नाही म्हणाला नाही, मग मला कळवावंच लागलं." ग्रेटा थांबली. "मला वाईट वाटतं. पोराने पाऊण तासात बरोबर उत्तर काढलं होतं, वर्गात सगळ्यांत आधी. चारपर्यंत कुणाला सोडत नाही, म्हणून उरलेला वेळ लिहीत बसला होता."

व्हर्नाने सोरेनची वही उघडली. पांढऱ्या पानावर स्वच्छ अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेजारी पिवळी प्रत. तिच्यात तेच सगळं होतं, पण मजकुरावरून आडव्या गेलेल्या थोड्या निळ्या रेघाही होत्या. पांढऱ्या पानावर त्यांचा पत्ता नव्हता.

"वही स्वस्तातली," ग्रेटा म्हणाली. "डाग पडतात."

लॉइडला हसू आलं. "माझ्या पावतीपुस्तकाचंही असंच व्हायचं. बायको फोनवरून सामान सांगायची, मी पुस्तकावर चिठोरं ठेवून लिहायचो. मग गिऱ्हाइकाच्या पावतीवर भट्टीच्या खाली अंडी, पाव, मांजराचं खाणं."

व्हर्ना हसली नाही. तिने फोनवर पांढरं पान, पिवळी प्रत आणि चिठ्ठी यांचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून.

टेसा ब्रुगमन ही सोरेनची नेहमीची जोडीदार. ती ग्रंथालयाच्या जिन्यात भेटली, हातात उभ्याने खायचं सँडविच.

"मी संशयित आहे हे मला माहितीये," ती म्हणाली. "तो गेला की प्रात्यक्षिकात मी पहिली. सप्टेंबरमध्ये आम्ही चारशे जण डॉक्टर होणार होतो, आता अडीचशे उरलोत. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर अजून गळतील. इथे कुणी कुणाला पाडत नाही हो, माणसं आपापली पडतात."

"सोरेन पडेल असा होता?"

"तो? मिडटर्मला चार प्रश्न कोरे सोडले त्याने, सोपे चार. सातवा तर निव्वळ पोरखेळ. शंभरात एकेचाळीस. पण वर्गाची सरासरी अडतीस. सगळा वर्ग बुडाला की सर सगळ्यांनाच वर ओढतात, त्यामुळे त्याला बी प्लस. मी अभिनंदन केलं तर असा चेहरा केला, जसं काही मी त्याचा कुत्रा मेल्याचं सांगितलं." तिने घड्याळ बघितलं. "माझं अक्षर हवंय? घ्या. पण तीनला माझी टेस्ट आहे."

ती गेल्यावर लॉइड म्हणाला, "हिनेच केलं. एवढी थंड आहे."

"लॉइड, थंड असणं हा मिनेसोटात गुन्हा धरला तर तुरुंग पुरायचे नाहीत."

वसतिगृहाची खोली दोन पलंगांनीच भरलेली होती. खिडकी बर्फाने चौकटीला चिकटली होती. सोरेन वर्गात होता. त्याचा खोलीतला सोबती चेंग व्हांग सेंट पॉल शहराचा, तोही डॉक्टर होण्याच्या वाटेवरचा. त्याने दोघांना बसायला पलंग दाखवला.

पलंगावर गोधडी होती. चर्चमधल्या बायकांनी शिवलेली, अकरा चौकोनांची. पहिल्या चौकोनात पुस्तक, शेवटच्यात पांढरा डगला आणि एल्म फोर्कची पाण्याची टाकी.

"याच्याखाली झोपतो तो?" व्हर्नाने विचारलं.

"झोपतो कुठे. गुंडाळून पायथ्याशी ठेवतो, आणि व्हिडिओवर आई आली की पसरतो." चेंग ओशाळला. "सांगायला नको होतं."

"मिडटर्मचा सातवा प्रश्न तुला आला होता?"

"पूर्ण गुण. सोरेननेच शिकवला होता, आदल्या संध्याकाळी. दोन वेळा." तो जरा थांबला. "त्याने स्वतः मात्र कोरा सोडला. घाबरला असेल म्हणालो मी."

"आणि या आरोपावर तो काय म्हणाला? कुणाचा संशय येतो वगैरे?"

चेंगने मान हलवली. "मीच रागावलो होतो. कोण असेल, कोण असेल करत होतो. त्याने एकदाही विचारलं नाही."

सोरेन आला. उंच, वाकलेल्या खांद्यांचा, अठरा वर्षांचा मुलगा. हुकावरच्या स्टेथस्कोपला कोट लागू नये म्हणून तो अंग चोरून आत शिरला. या खोलीत रोज तो असाच शिरत असणार.

"आईने पाठवलं ना तुम्हाला? उगाच त्रास. खिशात सापडलं, संपलं."

"उद्या तू काय सांगणार?"

"काही नाही. ते ठरवतील तसं."

"चल," व्हर्ना उठत म्हणाली. "तुझी आई खाली कॅन्टीनमध्ये बसलीये. मला काय सापडलं ते एकदाच सांगते, दोघांना."

कॅन्टीनच्या कोपऱ्यात कार्ला कोट न काढताच बसली होती. लॉइडने सगळ्यांसाठी कॉफी आणली. व्हर्नाने फोन टेबलावर ठेवला.

"आधी टेसाला बाजूला काढू, नाहीतर लॉइड तिला फासावर देईल. कार्ला, चिठ्ठी कच्च्या कागदावर लिहिलीये. तो कागद परीक्षेच्या खोलीत मिळाला, म्हणजे चिठ्ठी एक ते चारच्या आतच लिहिली गेली. कुठे लिहिली ते लॉइडने सांगितलं."

"मी?" लॉइड म्हणाला.

"अंडी, पाव, मांजराचं खाणं." तिने फोटो मोठा केला. "पिवळ्या प्रतीवर रेघा आहेत, पांढऱ्या पानावर नाहीत. थेट लिहिलं असतं तर आधी पांढऱ्यावर शाई दिसली असती. म्हणजे पांढऱ्या पानावर दुसरा कागद होता, शाई त्या कागदावर राहिली आणि दाब तेवढा खाली पिवळ्यावर गेला. आता चिठ्ठीचा फोटो त्याच मापात त्यावर ठेवते."

तिने बोटाने एक चित्र दुसऱ्यावर सरकवलं. रेघ रेघेवर बसली. आमडालचं पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, 'खिसा' या शब्दाखाली ओढलेली ठळक रेघसुद्धा.

"चिठ्ठी सोरेनच्या वहीवर ठेवून लिहिली गेली," कार्ला सावकाश म्हणाली. "मग कुणीतरी त्याची वही…"

"वही कोरी होती. प्लास्टिक एक वाजता ग्रेटासमोर फाटलं. चारला वही तिच्याकडे गेली. मधल्या तीन तासांत ती एकाच टेबलावर होती, आणि त्या टेबलाशी एकच माणूस होता. त्याचं उत्तर पाऊण तासातच निघालं होतं. तरी तो लिहीत राहिला."

कार्लाने मुलाकडे बघितलं. सोरेन कॉफीच्या कपाकडे बघत होता.

"खिशातलं चिठोरं परीक्षेच्या आधीच खोलीवर तयार करून आणलेलं होतं," व्हर्ना म्हणाली. "बाहेर पडताना कोटात टाकलं. पण मला संशय त्याच्याही आधी आला. निरपराध माणूस विचारतो, हे माझ्यावर कुणी ढकललं? अपराधी माणूस विचारतो, माझी चुगली कुणी केली? तू दोन्ही विचारलं नाहीस. ज्याला उत्तर माहीत आहे तोच प्रश्न विचारत नाही."

"पण का?" लॉइडला राहवलं नाही. "डोकं ठिकाणावर असलेला मुलगा स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेईल?"

"कारण आधी साधा दगड मारून बघितला होता. मिडटर्मचे चार सोपे प्रश्न कोरे सोडले. त्यातला एक आदल्याच दिवशी चेंगला शिकवलेला. नापास व्हायला बसला होता बिचारा, पण वर्ग त्याच्याहून वाईट निघाला. बी प्लस. ज्या देशात नापास व्हायलाही स्पर्धा आहे तिथे गरीब माणसाने काय करावं?"

सोरेन एकदम हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"खरंखुरं नापास झालो असतो तरी काय," तो म्हणाला. "कॉलेजच्या सल्लागार म्हणाल्या असत्या, परीक्षा उन्हाळ्यात परत दे. गावाने परत जेवण घातलं असतं. आणखी एक चौकोन जोडला असता गोधडीला. कॉपीची मात्र परत परीक्षा नसते." तो आईकडे वळला. "मी किती वेळा सांगायला आलो, आई. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, डॉक्टर विचारत होते तुझ्याबद्दल."

कार्लाने आता अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "मग तुला काय व्हायचंय?"

"माहीत नाही. हे नाही, एवढंच माहितीये."

"हे बघ," व्हर्ना म्हणाली, "तुला एक दार लावायचं होतं. हा शिक्का सगळी दारं लावतो. शाळेत शिकवायला गेलास तरी विचारतील, भट्ट्या दुरुस्त करायला गेलास तरी."

"माझ्या धंद्यात नाही विचारत," लॉइड म्हणाला.

"लॉइड."

"बरं."

"उद्या दहाला तू स्वतः जायचंस आणि हे सगळं सांगायचंस. मी फोटो घेऊन शेजारी बसेन. खोटी चिठ्ठी लिहिल्याबद्दल ते काहीतरी देतील, ते घ्यायचं. पण कॉपी तू केलेली नाहीस, हे त्यांच्या कागदावर यायला हवं."

सोरेनने मान डोलावली. "आणि डॉक्टर? ते माझ्यासाठी थांबलेत."

कार्लाने पर्समधून फोन काढला, डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. "हे मी सांगणार नाही. तूच सांग."

पलीकडून खरखरीत आवाज आला. सोरेनने सांगितलं. तीनच वाक्यं, पण दर वाक्यानंतर त्याला थांबावं लागलं.

"अजिबात नाही म्हणतोस?" डॉक्टर ऑस्बी म्हणाले.

"अजिबात नाही. मला माफ करा."

"म्हणजे मी अकरा वर्षं थांबायची गरज नाही?"

सोरेनने आईकडे बघितलं. "नाही."

"अरे, माझे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले. बायको उबदार ॲरिझोनात राहायला जाऊ म्हणते आणि मी म्हणतो, पोराला शब्द दिलाय." म्हाताऱ्याने लांब श्वास सोडला. "गावाला दुसरा डॉक्टर शोधावा लागेल. ते मी बघतो, तू चिंता करू नकोस. एक काम मात्र कर. ख्रिसमसला येशील तेव्हा तो स्टेथस्कोप परत आण. नवा घेतलाय, पण त्यातून मला कुणाचंच काही ऐकू येत नाही."