ठकीच्या फ्रॉकची दुमड

ठकी आमच्या दुकानात पहिल्यांदा आली ती बिनडोक्याची.

म्हणजे डोकं होतं. पण ते पिवळ्या फ्रॉकच्या आत अडकलेलं. दोन्ही हात वर आणि आतून भोकाड! तिला धरून एक उंच, घाबराघुबरा तरुण उंबऱ्यात उभा होता.

"हा फ्रॉक तुम्हीच शिवलाय ना? मग आता आमची भाची परत काढून द्या."

मावशी बाहेर गेली होती आणि तो फ्रॉक मी एकटीने शिवलेला पहिलाच. होजिअरीचं कापड ताणतं, म्हणून गळ्यालाही ताणणारी टीप लागते. मी ऐटीत साधी सरळ टीप मारली होती. कापड ताणायला तयार, पण दोरा जागचा हलेना.

"कापू का?" मी कात्री उचलली.

"नको!" फ्रॉकच्या आतून किंकाळी आली.

"ती नको म्हणतेय," तो म्हणाला.

"ऐकू आलं मला."

ठकीला स्टुलावर बसवून मी एकेक टाका उसवू लागले. तो टेबलावरचा दिवा माझ्या बोटांवर धरून उभा राहिला… अगदी जवळ.

"घाबरू नका," तो हळूच म्हणाला.

"मी कुठे घाबरलेय? दिवा तुम्ही हलवताय."

खरंच हलत होता.

शेवटी डोकं बाहेर आलं. लालबुंद नाक, विस्कटलेल्या झिपऱ्या. ठकीने मला पाहिलं, मग त्याला पाहिलं आणि विचारलं, "मामा, तू लाजतोयस का?"

मामा समोरच्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! इतके दिवस मला तो दिसला कसा नाही, कुणास ठाऊक.

भरपाई म्हणून मी त्याच पिवळ्या कापडाचा दुसरा फ्रॉक शिवून दिला. वाढत्या मुलींच्या फ्रॉकला खाली दुमड ठेवतात. मूल वाढलं की ती सोडायची. एरवी दोन बोटं पुरते. मी सहा बोटं ठेवली. मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोरगी वाढणारे की बांबू?" एवढंच म्हणाली.

आणि मामा येऊ लागला.

"जरा आखूड वाटतोय…"

"पुन्हा?"

"फार झपाट्याने वाढतेय हो!"

"मला तर बरोबर होतोय," ठकी म्हणायची. मग मामा तिच्या तोंडात गोळी कोंबायचा. मी बोटभर दुमड सोडायची. फ्रॉक पार घोट्यांपर्यंत आला, पोर त्यात अडखळून पडायची. मग सावकाश तीच वाढून त्याला गाठू लागली. होजिअरीचंच कापड ते, अंगासोबत ताणत गेलं.

काय दिवस होते ते! मशीनची घरघर, उन्हात तरंगणारे कापडाचे बारीक तंतू… एकदा माझ्या केसांत तंतू अडकला. त्याने खुणेने सांगितलं, मी भलत्याच बाजूला झटकलं. शेवटी त्यानेच तो अलगद उचलला आणि खिशात ठेवला. मी पाहिलं नाहीसं दाखवलं.

पण बोलत मात्र काही नव्हता. इथेच घोडं पेंड खात होतं.

अशात मावशीने माझ्यासाठी स्थळ आणलं. घर चांगलं, पण दूर गावचं. "रविवारी उत्तर द्यायचंय. मनात काही असेल तर आत्ताच बोल." मी काय बोलणार? ज्याच्याबद्दल बोलायचं, तोच मुका!

शनिवारी तो एकटाच आला. फ्रॉक टेबलावर ठेवला.

"आखूड झालाय?"

"हो. या वेळी खरंच."

मी फ्रॉक उलटा केला. जुन्या घड्यांच्या फिकट रेघा तेवढ्या उरल्या होत्या. "आता सोडायला काही राहिलं नाही."

"म्हणजे मलाही यायला काही…" तो थांबला.

मला असा राग आला! "उद्या माझ्या स्थळाला होकार कळवायचाय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "चांगलं आहे का… स्थळ?"

"चांगलं आहे."

तो फ्रॉक उचलून दारापर्यंत गेला. उंबऱ्यात थबकला आणि मागे वळला. "आखूड झालेल्या फ्रॉकचं काय करतात हो?"

"घेर कापून टॉप करतात."

"आणि टॉप आखूड झाला की?"

"बाहुलीचे कपडे."

"आणि मग?"

"मग… घरातल्या पुढच्या मुलीला नवा फ्रॉक." बोलून गेले आणि माझे कान तापले.

तो परत आला. "मी काचेतला केसाएवढा फरक ओळखतो. सहा बोटं दुमड मला दिसली नसेल?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"दुमड होती ना अजून," तो म्हणाला. "नको देऊस होकार. मला तू हवी आहेस… फार हवी आहेस."

माझे डोळे भरून आले. मी मान डोलावली.

आतल्या खोलीतून मावशी ओरडली, "अगं, त्याला बसायला स्टूल दे आधी! आणि त्या स्थळाला मी कालच नकार कळवलाय."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. काल ठकी आली होती, स्वतःच्या लेकीला घेऊन. पिवळंच कापड निवडलं तिने. मी गळ्याचं माप घेतलं, दोनदा घेतलं. यजमान कोपऱ्यात काचा घासत, ऐकत नसल्यासारखे बसले होते.

"दुमड किती ठेवू गं?" मी विचारलं.

ठकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सहा बोटं ठेव, मामी."