अवधानपट्टी

दापोलीच्या अवकाशतळावरच्या सरावकक्षात मेघनाचं आभासी यान पुन्हा एकदा स्थानकाच्या दारावर आदळलं. यंत्रणा बंद पडली तर यान हातानं जोडता आलंच पाहिजे, असा तिथला नियम. बाकी सगळ्या परीक्षांत पहिली येणारी ही मुलगी इथे मात्र दर वेळी हातभर चुकायची. हिचं लक्ष कुठे असतं, असं प्रशिक्षक वैतागून म्हणाले आणि निकालाआधी तिला दृष्टितज्ज्ञ डॉ. निसार मुजावरांकडे पाठवलं.

मेघनाचं लक्ष नसतं हे तिच्या आईला, डॉ. अन्विता खानोलकरांना, पटणं शक्यच नव्हतं. लहानपणी ही पोर पुस्तक उघडलं की खिडकीबाहेर बघत बसायची. तिच्यासाठीच अन्विताबाईंनी अवधानपट्टी शोधली होती. पट्टी कपाळाला बांधायची. पानावरून नजर ढळली की ती मज्जातंतूंना हलकी थरथर देई आणि नजर मुकाट पानावर परत येई. वर्षभरात मेघना तासन्‌तास वाचू लागली. मग पट्टी शाळाशाळांत गेली आणि बाईंचे सत्कार सुरू झाले.

मुजावर बाईंचे जुने सहकारी, म्हणून त्याही लेकीबरोबर गेल्या. एकेक डोळा झाकून तपासला तर मेघनाचे दोन्ही डोळे निर्दोष निघाले. मग त्यांनी ठिपक्यांचं एक चित्र समोर ठेवलं आणि दोघींना खास चष्मे दिले. अन्विताबाईंना त्यातून एक वर्तुळ वर उचलून आलेलं दिसलं. मेघनाला नुसते ठिपके दिसले. मुजावरांनी तिला घरी जायला सांगितलं आणि आईला थांबवून घेतलं.

"खानोलकरबाई, जवळचं वाचताना दोन्ही डोळे मिळून आत वळावे लागतात. हिचे नीट वळत नव्हते. एका अक्षराची दोन दिसायची."

"ती कधी बोलली नाही."

"सगळ्यांना तसंच दिसतं असं वाटलं असेल. त्रास झाला की ती लांब बघायची. लांबचं एकच दिसतं. ते लक्ष उडणं नव्हतं, ती विश्रांती होती. तुमच्या पट्टीनं तेवढी बंद केली."

"पण ती सुधारली, मुजावर."

"मेंदूनं वाट काढली. नजर हलवता येईना, तेव्हा त्यानं एका डोळ्याचं चित्र घेणंच सोडलं. अक्षर एक झालं, आणि दोन डोळ्यांनी मिळून येणारा अंतराचा अंदाज गेला."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बाईंनी उपायाचं विचारलं. सरावानं थोडंफार परत येईल, यान जोडण्याइतकं नाही, असं मुजावर म्हणाले. मग बाईंनी पट्टी लावलेल्या इतर मुलांचं विचारलं.

"खऱ्या अवधानदोषाच्या मुलांना पट्टीचा फारसा उपयोग झाला नव्हता, तुम्हीच लिहिलंय. ज्यांना उत्तम गुण आला, त्यांना डोळे तपासायला आधी बोलवा."

त्या मुलांचे हसरे फोटो बाईंच्या कचेरीत भिंतभर लावलेले होते.

संध्याकाळी घरी मेघनानं चहा केला. तिला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत अन्विताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठ्या घालून, श्वास रोखून, नजर कपावर रोवून ती किटली वाकवत होती. चहाची धार कपाच्या बाहेर पडली. यावरून या पोरीनं लहानपणापासून किती बोलणी खाल्ली होती.

"चुकलं आई, लक्ष नव्हतं माझं," ती सवयीनं म्हणाली आणि फडकं शोधू लागली.

अन्विताबाईंनी तिचा हात धरला.

"तुझं होतं गं," त्या म्हणाल्या. "माझंच नव्हतं."