चेंडूकडे बघू नकोस

आयव्ही हॅस्केल त्या शनिवारी चुकीच्या फाटकातून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात शिरली, तिथून हे सगळं सुरू झालं. एका हातात गरम चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचा, वाडगा, दुसऱ्या हातात दालचिनीचा रोल, आणि समोर एक रिकामं बाक. एवढ्या गर्दीत ते रिकामं का, हा प्रश्न तिला पडला नाही. नेब्रास्कातल्या या ऑर्टन गावात येऊन तिला जेमतेम अकरा दिवस झाले होते. तेवढ्यात माणसाला किराणा दुकान आणि पोस्ट सापडतं, शहाणपण सापडत नाही.

बाक मैदानाच्या रेघेला खेटून होतं. तिसरा घास तोंडात असताना हेल्मेटं घातलेले पाच-सहा आडदांड गडी एकमेकांना मिठ्या मारून थेट तिच्या दिशेने घरंगळत आले. कुणीतरी मागून तिची कॉलर धरली आणि तिला ओढलं. बाक उलटं झालं, चिली गवतावर सांडली, रोल मात्र तिने सोडला नाही.

"बाई, इथं बसायचं तर पळता यायला पाहिजे," कॉलर धरणारा म्हणाला. उंच, उन्हाने रापलेला, अंगात पांढरी बंडी. त्याच्या दुसऱ्या हातात त्याच्याहून उंच अशी नारिंगी काठी होती.

"पाटी लावायची मग."

"पाटी आहे. तुम्ही त्यावर कोट ठेवलाय."

तिने वळून पाहिलं. होती. तिला हसू आलं, आणि त्याला तिचं हसू बघून काठी सरळ धरायची आठवण राहिली नाही. मागून पंचाने शिट्टी वाजवली तेव्हा तो पळाला.

त्याचं नाव रूडी कोवांडा. आठवडाभर तो धान्याच्या गोदामावर काटा सांभाळायचा. शेतकऱ्यांचे मक्याचे ट्रक त्याच्या काट्यावर चढायचे आणि तो सांगेल ते वजन कुणी परत तपासायचं नाही. शनिवारी कॉलेजच्या सामन्यात तो अंतर मोजायच्या साखळीचा मागचा दांडा, म्हणजे ती नारिंगी काठी, धरायचा. त्याच्या बापाने तो एकतीस वर्षं धरला होता. ऑर्टनमध्ये मेयर कोण, हे लोक विसरायचे. साखळीवर कोण, हे नाही.

सांडलेल्या चिलीची भरपाई म्हणून तो तिला दुसऱ्या दिवशी दुपारी चौकातल्या हॉटेलात घेऊन गेला. आयव्ही मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरची. तिथे लोक समुद्राकडे बघतात आणि मासळीवर बोलतात. इथल्या शाळेत ती संगीत शिकवायला आली होती, एका वर्षाच्या करारावर.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "ही माणसं सहा सेकंद धावतात आणि मग चाळीस सेकंद सभा भरवतात. हा खेळ आहे की ग्रामपंचायत?"

"चार खेपा," रूडीने मिठाची आणि मिरपुडीची बाटली टेबलावर लांब लांब मांडली. "मिठापासून मिरीपर्यंत दहा यार्ड. चार खेपांत तिथवर चेंडू नेला, की आणखी चार मिळतात. नाही नेला, तर चेंडू समोरच्यांना. बाकी सगळा तपशील."

"आणि चौथ्या खेपेला फारच लांब राहिलं तर?"

"तर लाथ मारून दूर घालवून द्यायचा. हातचं जातंय हे कळलं की आपणच सोडून द्यायचं, म्हणजे अब्रू राहते."

"भित्रा खेळ आहे तुमचा."

"शहाणा आहे," तो म्हणाला आणि हसला. मग त्याने बुटाची नाडी सोडून ती दोन बाटल्यांमध्ये ताणली, आणि कागद अडकवायचा चिमटा तिच्या मधोमध लावला. "ही साखळी. हा चिमटा. मैदानावरच्या एका पांढऱ्या रेघेशी तो जुळवून ठेवायचा. मोजायची वेळ आली की साखळी उचलून मैदानात न्यायची आणि चिमटा पुन्हा त्याच रेघेवर टेकवायचा. चिमटा जागचा हलला तर सगळं मोजमाप खोटं. म्हणून साखळीवाल्याला टाळी वाजवायची बंदी. ओरडायची बंदी. साखळीवाल्याला संघ नसतो."

"घरचा संघ हरत असला तरी?"

"माझा धाकटा भाऊ एमिल चेंडू घेऊन माझ्यासमोरून धावतो. तरी नाही."

हे वाक्य त्याने नाडी परत बुटात ओवताना, मान खाली घालून म्हटलं. आयव्ही त्याच्या प्रेमात पडली ती तिथे. तिला दिलेला शब्द मोडणारी माणसं ती बेटावर भरपूर बघून आली होती. हा माणूस भावासाठीसुद्धा टाळी वाजवत नव्हता.

पुढचे शनिवार भराभर गेले. ती साखळीच्या बरोबर समोर, तिसऱ्या पायरीवर बसायची. सामना संपला की तो विचारायचा, "काय कळलं आज?"

"पंचाचा पिवळा रुमाल पडला की कुणीतरी लबाडी केली."

"शाबास. आणि ती तिसऱ्या खेपेची फसवणूक? चेंडू दिल्यासारखं केलं आणि दिलाच नाही?"

"ती नाही दिसली."

"कारण तू चेंडू शोधत होतीस." अहो-जाहो कधीच मागे पडलं होतं. "नवीन माणूस चेंडूमागे डोळे पळवतो. चेंडूकडे बघू नकोस, आयव्ही. चेंडूकडे सगळेच बघतात, म्हणून सगळेच फसतात. दुसरं काहीतरी एक धर, त्याच्याकडे बघ. खेळ आपोआप कळेल."

तिने दुसरं काहीतरी एक धरलं. त्याच्याच हाताचे मोजे, त्याचं गुडघ्यावर बसणं, पंचाने हात वर केल्याशिवाय काठी न हलवणं. एकदा त्याने तिची नजर पकडली.

"कुणाकडे बघतेस?"

"तूच म्हणालास, एक धर."

त्याचे कान लाल झाले. गोदामावरच्या माणसांनी त्याला पुढचे चार दिवस छळलं, आणि त्याने ते आनंदाने सोसलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मुख्याध्यापिका मिसेस ओस्टरहॉट यांनी आयव्हीला पुढच्या तीन वर्षांच्या कराराचा कागद दिला. शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी सही हवी होती. कागद तिने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि रूडीला सांगितलं.

त्याने मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "शेवटचा सामना होऊ दे. मला तुला… एक विचारायचंय. त्याआधी सही करू नकोस. म्हणजे… त्यानंतर कर."

"आत्ताच विचार की."

"एका वेळी एकच खेप," तो म्हणाला. तिने त्याच्या मफलरचं टोक ओढलं आणि ठीक आहे म्हणाली. सही तिने मनात केव्हाच केली होती.

शेवटचा सामना शेजारच्या वेस्टनशी होता. वेस्टनला ऑर्टनने एकोणीस वर्षांत हरवलं नव्हतं. एमिलचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आयुष्यातला शेवटचा सामना. नोव्हेंबरची दुपार, बर्फ मिसळलेला पाऊस तिरका येत होता. पायऱ्यांवरच्या बायकांनी ब्लँकेटं गुंडाळली होती. आता आयव्हीला प्रत्येक गोष्ट कळत होती, आणि कळणाऱ्या माणसाची भीतीही तिला आता होती.

दोन मिनिटं उरली. ऑर्टन चार गुणांनी मागे. चौथी खेप. लाथ मारून घालवायची सोय नव्हती. चेंडू एमिलकडे आला आणि तो माणसांच्या ढिगात घुसला. ढीग कोसळला. पंच ढिगाकडे धावले. एकेक गडी उचलून बाजूला काढत मुख्य पंचाने साखळीवाल्यांना खूण केली: मोजा.

चार हजार डोळे चेंडूवर होते. आयव्हीचे दोन नव्हते.

रूडी गुडघ्यावर बसला, बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. उजव्या हाताचा मोजा दातांनी काढला. नागडी बोटं चिमट्यावर गेली. चिमटा उघडला, साखळीवर मूठभर अंतर पुढच्या दांड्याकडे सरकला, मिटला; दहा यार्डांतून तेवढं कमी झालं. त्याने मोजा पुन्हा घातला आणि साखळी उचलली.

साखळी मैदानात गेली. चिमटा रेघेवर टेकला, पुढचा दांडा ताणून उभा राहिला. लांबट चेंडूचं नाक दांड्याच्या पुढे दोन बोटं होतं. पंचाने हात पुढे केला: आणखी चार खेपा. पुढच्याच खेपेला एमिल शेवटची रेघ ओलांडून गेला, ऑर्टन जिंकलं, आणि शेवटची शिट्टी वाजताच ऑर्टनमधली म्हातारीकोतारी माणसं कुंपणावरून मैदानात उतरली.

आयव्ही पायरीवरच उभी राहिली. रूडी गर्दी कापत तिच्याकडे आला. अंगात तीच पांढरी बंडी, चेहरा ओला, आणि तो रडत होता की पाऊस होता ते कळत नव्हतं. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"थांब इथं," तो म्हणाला. "माझ्याकडे थांब. सही कर, आयव्ही. मी… लग्नाचंच म्हणतोय."

आठ आठवडे ती या वाक्यासाठी जगली होती. तिला वाटलं, काही न बोलता हो म्हणावं. तिचे ओठ हललेही.

"चिमटा सरकवलास तू," तिच्या तोंडून आलं.

त्याने तिचे हात सोडले.

"काय?"

"मूठभर. मोजा काढून."

"काहीतरीच… तुला अजून नीट कळत नाही हा खेळ."

"तूच शिकवलास."

तो इकडेतिकडे बघू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणखी कुणी पाहिलं?"

"नाही. सगळे चेंडूकडे बघत होते."

"आणि तू?"

"मी तुझ्याकडे. मी नेहमी तुझ्याकडेच बघते, रूडी."

कुठल्याही बाईने कुठल्याही पुरुषाला याहून सरळ काय सांगावं? त्याने ते ऐकलंच नाही. त्याने फक्त 'नाही' ऐकलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडलेला तिने पाहिला. खांदे खाली आले, श्वास सुटला. चिमटा सरकला त्याहून तिला हे जास्त लागलं.

"चार बोटंच तर सरकवला गं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं. एमिलचा शेवटचा दिवस. त्याच्या जागी तू असतीस तर?"

"म्हणजे माझ्यासाठीही सरकवला असतास."

"हो," तो लगेच म्हणाला. त्याला वाटलं, आपण प्रेमाचंच काहीतरी बोललो.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी तो आला. संगीताच्या वर्गात मुलांनी खुर्च्या अस्ताव्यस्त टाकल्या होत्या. तो दारात उभा राहिला, दोन दिवसांची दाढी घेऊन. कुंपणानेच शेत खाल्लं, तर तक्रार कुणाकडे करायची? आयव्ही दोन दिवस कुणाशीच बोलली नव्हती. बाहेर बेकरीवाल्याने खिडकीत एमिलचा फोटो लावला होता.

"मी सांगतो," रूडी म्हणाला. "कॉलेजात जातो, पंचांना पत्र लिहितो. विजय काढून घेतील, एमिल माझं तोंड बघणार नाही, गोदामावर माझ्या काट्यावर कुणी ट्रक चढवणार नाही. चालेल मला. तू थांबणार असशील तर सांगतो."

तिने हातातला खडू खाली ठेवला.

"आणि मी थांबले नाही तर?"

खिडकीबाहेर कुणीतरी जाताजाता ओरडलं, "रूडी, काय मोजलंस रे परवा!" आणि सवयीने त्याने हात वर केला. हात वर गेल्यावर त्याला कळलं. त्याने तो हळूच खाली घेतला.

"मग… कशाला सांगायचं?" तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला तो तेव्हाही आवडत होता. हेच वाईट होतं. राग आला असता तर तिने चार शब्द सुनावले असते आणि मग कदाचित थांबलीही असती.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "मला वर्ग आवरायचाय."

तो गेला. तिने खुर्च्या रांगेत लावल्या, कोटातून कागद काढला आणि मिसेस ओस्टरहॉट यांच्या टेबलावर सहीशिवाय ठेवला. जूनमध्ये ती बेटावर परतली. तिने कुणाला काही सांगितलं नाही, त्यानेही नाही. पुढच्या हंगामातही मागचा दांडा त्याच्याच हातात होता.

बेटावर आता शनिवारी दुपारी आयव्ही टीव्ही लावते. आई शेजारी विणत बसते. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण लेक बघते म्हणून तीही बघते. मोजायची वेळ येते, साखळी मैदानात निघते, आणि आयव्ही पुढे सरकून पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी शोधू लागते.

"अगं, चेंडू इकडे आहे," आई म्हणते.

"माहीत आहे मला," आयव्ही म्हणते.